कंटेनरच्या आत काही ठेवू नका

म्हसरूळ, नाशिक
११ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडून घेते. तीन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस आणि आता तर नंबरच बदललास. म्हणून हे पत्र. पत्र पोस्टमन हातात देतो, ते न उचलून चालत नाही.

पत्ता रोहितने दिला. तो गाडी घेऊन उरणला आला होता, तेव्हा एका कोल्ड स्टोरेजच्या दारात तुला जाडजूड जॅकेट घालून उभा पाहिलं म्हणाला. तू त्याला चहा पाजलास आणि ‘घरी सांगू नको’ म्हणून बजावलंस. रोहितच्या पोटात काही राहत नाही हे शाळेपासून ठाऊक असताना तू त्यालाच बजावलंस. म्हणजे घरी कळावं असंच तुझ्या मनात असणार, असा मी सोयीचा अर्थ काढला आहे.

घाबरू नको, पत्र कामाचं आहे. आपला गट या वर्षी पुन्हा स्वतःच्या नावाने द्राक्षाचा कंटेनर हॉलंडला पाठवतोय. मध्ये दोन हंगाम आपण व्यापाऱ्याला बागेवरच माल दिला आणि त्याच्या पेट्यांवर त्याचं नाव छापलेलं बघत बसलो. आबांना ते सहन होईना. तिकडचं गिऱ्हाईक ठरलंय. अडलंय ते फॉरवर्डरपाशी. पॅकहाऊसातून गाडी निघाली की कस्टम, बंदर, जहाजातली जागा, तिकडचं गोदाम, सगळं ज्याच्या हवाली करायचं तो माणूस निवडायची जबाबदारी गटाने माझ्यावर टाकली. का, तर मला इंग्रजी येतं आणि तुझ्या दाजींच्या मते मला भांडता येतं.

मागच्या वेळी तो माणूस तू निवडला होतास. कंटेनर तिकडच्या बंदरात अडकला, द्राक्षं मऊ पडली, गिऱ्हाइकाने माल नाकारला. तू सगळ्या गटासमोर ‘कागदात माझी चूक झाली’ म्हणालास आणि आबा सगळ्या गटासमोरच म्हणाले, “ह्या पॅकहाऊसात परत पाय ठेवू नको.” आई जाऊन तेव्हा तीन-चार महिनेच झाले होते. रागात माणूस काहीही बोलतं. पण तू ते शब्दशः पाळशील असं त्यांनाही वाटलं नसेल.

आता नीट ऐक. या वर्षी माल अडकला तर गट मोडेल. आबा वणीच्या रस्त्याची बाग काढून टाकणार म्हणतात आणि ते म्हणतात ते करतात, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? पण माल नीट पोचला, तर मी आबांसमोर तुझं नाव काढणार आहे. एवढ्यासाठीच हे काम मी अंगावर घेतलं. तेव्हा मला सांग, माणूस पारखायचा कसा?

उत्तर दे. आशीर्वाद उत्तर आल्यावर.

ताई


म्हसरूळ
२४ जानेवारी

प्रफुल्ल,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन, तू वाचत राहा.

दोन पार्ट्या बघून झाल्या. पहिला रविराज नावाचा मुंबईच्या मोठ्या कंपनीचा मुलगा. बूट इतके चकचकीत की बागेच्या बांधावरून तो वऱ्हाडातल्या नवरीसारखा पावलं टाकत होता. त्याने लॅपटॉपवर आपलं जहाज नकाशात कसं दिसेल ते दाखवलं. लाल समुद्रातून जहाजं जात नाहीत, आफ्रिकेला वळसा घालून जातात, म्हणून माल जास्त दिवस पाण्यावर राहतो, हेही त्याने नीट समजावलं. मला तो आवडला. मी विचारलं, “काही अडलं तर फोन कुणाला करायचा?” तो म्हणाला, “मॅडम, टोल-फ्री नंबर आहे.” त्याच्यासमोरच मी तो नंबर लावला. पलीकडून संगीत सुरू झालं ते थांबेना. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग मीच त्याला द्राक्षं खायला घातली.

दुसरे लासलगावचे दत्तूशेठ. हे आबांनी आणलेले. त्यांचे कांद्याचे कंटेनर दुबईला, मलेशियाला सारखे चालू असतात. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “रोहिणीताई, कांदा जातो तिथं द्राक्षं का नाय जानार? माल माल असतो.” मी म्हटलं, शेठ, द्राक्षं शून्य अंशावर न्यावी लागतात. “तर लावू की शून्यावर! बटन तर दाबायचं हाय.” आबा खूश. माणूस आपल्यातला, बोलणं आपल्यातलं, दर कमी. मला मात्र त्या बटणाची धास्ती बसली. गार न केलेला माल आत भरून नुसतं बटण दाबलं तर काय होतं, ते तूच मला पूर्वी शिकवलं होतंस. कंटेनर गारवा टिकवतो, गार करत नाही. आठवतं?

आबा सोमवारी दत्तूशेठना होकार कळवायचं म्हणत होते. मी सर्दी झाल्याचं सांगून आठवडा काढला. आता खरंच शिंका येताहेत.

ताई


म्हसरूळ
२ फेब्रुवारी

प्रफुल्ल,

आलं! तुझं पत्र आलं. चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या पाच ओळींना पत्र म्हणायचं असेल तर. इतक्या वेळा वाचलं की तुझ्या दाजींनी विचारलं, पाठ करून म्हणून दाखवायचंय का कुठे?

“ताई, दर शेवटी विचार. आधी विचार, कंटेनर बंदरात उभा असताना वीज चालू आहे की नाही हे कोण बघणार आणि रविवारी फोन कोण उचलणार. माल पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. पूजा बाहेर करा, कंटेनरच्या आत काही ठेवू नका. आबांची शुगर कशी आहे?”

यातलं पहिलं सगळं सोन्यासारखं. पण चौथ्या ओळीने घोळ केला बघ. मी ते गावी नेलं आणि आबांना म्हटलं, बंदरातल्या एका जाणकाराचा सल्ला आलाय. वाचायला लागले. आबा शांतपणे ऐकत होते. मी पूजेच्या ओळीवर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

“दाखव अक्षर.”

दाखवावं लागलं. बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बंदरावर गेला, आता देव बी नको झाला व्हय त्याला? आपल्या आजापासून पहिला माल सप्तशृंगीच्या नावानं निघतो. ह्यो कोन सांगनार आत ठेवा न् बाहेर ठेवा?” आणि उठून बागेत निघून गेले. शुगरची ओळ वाचायची राहूनच गेली.

मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. तुला देवधर्माचं काही नसलं तर नसो, पण इतक्या वर्षांनी पाच ओळी लिहायच्या आणि त्यातली एक म्हाताऱ्याला टोचायला? तुझा असा स्वभाव नव्हता. उरणच्या खाऱ्या हवेने बिघडला असेल.

नाशिकरोडला साक्षी पगारे म्हणून एक मुलगी स्वतःचं छोटं ऑफिस चालवते, तिचं नाव कळलंय. तिला शेवटचं भेटायचं. आबा बरोबर येतो म्हणाले. तिला नापास करायलाच येणार, हे उघड आहे.

ताई


म्हसरूळ
९ फेब्रुवारी

प्रफुल्ल,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. जसं घडलं तसं सांगते, म्हणजे मला सांगता येईल.

साक्षीचं ऑफिस स्टेशनजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दोन टेबलं, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खिडकीत तुळशीची नव्हे, कोरफडीची कुंडी. तिचे वडील नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, ते दारातच बसले होते. आबांनी फोटो पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मी दर विचारला तर ती म्हणाली, “ताई, दर सांगते, आधी माझं ऐका.” आणि तिनेच आमची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. द्राक्षाची जात कोणती, थॉमसन की सोनाका? माल गार कुठे करता? पेटी भरल्यावर किती वेळ बाहेर राहते? दार बंद करताना सील कोण तपासतं? बंदरात वीज बघायला तिचा माणूस आहे, त्याचं नाव सांगितलं. रविवारी फोन? “माझाच नंबर. आई ओरडते, पण उचलते.” मग तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “काका, निघताना पूजा करता का?”

आबा फटकन म्हणाले, “करतो. का? तुमच्यात करत नाय म्हनून आमी बी सोडायची?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या वडिलांनी मान वर केली. पण ती पोरगी जरासुद्धा चिडली नाही. म्हणाली, “सोडायची कशाला? करा की काका. माझ्या पार्ट्या करतात तेव्हा मी उभी असते, प्रसाद पण खाते. मी एवढंच विचारतेय, आत काय ठेवता?”

“ओटी ठेवतो. नारळ, तांदूळ. वाटंनं सांभाळून जावं म्हनून.”

“तेवढं नका करू. तिकडं दार उघडलं की पहिल्यांदा तपासणारा माणूस आत जातो. कागदावर लिहिलेली असतात नुसती द्राक्षं. आत तांदूळ निघाले, त्यात एखादा किडा निघाला, की अख्खा कंटेनर बाजूला. आपण सांगून दमतो की पूजेचे आहेत. त्यांना पूजा कशी कळणार? तपासण्या होईपर्यंत द्राक्षं थोडीच थांबतात. एका बागायतदाराचा सगळा माल असाच गेला. दोष कुणाचा म्हणायचा? प्रेमाने ठेवलेलं असतं हो.”

आबांनी चहाचा कप उचलला होता. तो तसाच हातात राहिला. मी पुढचे प्रश्न विचारत गेले, ती उत्तरं देत गेली, मला त्यातलं एक आठवत नाही. उठताना आबांनी तिच्या वडिलांना हात जोडले आणि म्हणाले, “पोरगी गुनाची हाय.” चहा निवून गेला होता, तरी त्यांनी उभ्यानेच पिऊन टाकला.

परतताना द्वारका चौकाच्या सिग्नलला गाडी अडकली. मी विचारलं, “आबा, त्या वर्षी आत ओटी ठेवली होती?”

सिग्नलकडे बघतच म्हणाले, “ठेवली व्हती. दाराजवळच्या पेटीवर. तुझ्या आईच्या डब्यातले तांदूळ व्हते. देवीसाठी तिनं बाजूला काढलेले. ती गेल्यावर डबा कुनी उघडलाच नव्हता. म्हनलं, तिला कुठं नेलं नाय कधी. तिचे तांदूळ तरी जाऊंदे परदेशात.”

मागून हॉर्न वाजत होते. मला गाडी पुढे घेता येईना. बंद डब्यातले जुने तांदूळ, प्रफुल्ल. पोरकिडे झाल्याशिवाय राहिले असतील का?

घरी पोचल्यावर आबा म्हणाले, “त्या चिठ्ठीत अजून काय व्हतं? तू पुरती वाचली नव्हती.” मी म्हटलं, तुमची शुगर विचारलीय. ते हसले. हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली, आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

तुला माहीत होतं. तिकडचा रिपोर्ट तुझ्याकडेच आला असणार. तरी तू ‘कागदात चूक झाली’ म्हणालास? मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. माझा नंबर तोच आहे.

ताई


म्हसरूळ
१६ फेब्रुवारी

प्रफुल्ल,

फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा पत्रच. तूही कुठे बोललास? “तांदूळ आईचे होते, ताई. त्यांना कसं सांगायचं?” एवढं म्हणालास आणि मग दोघंही नुसते नाक ओढत बसलो. आपल्याला जेमतेम एक वाक्य परवडतं.

आता मला बोलू दे. मला तुझा भयंकर राग आला आहे. आईचं नाव राखायला तू स्वतःचं घालवलंस, ते समजू शकते. पण मला सांगायला काय झालं होतं? मी काय गावभर दवंडी पिटली असती? तीन दिवाळ्या मी तुझ्या नावाचा पाट मांडून उचलला. आणि रागाबरोबरच मला तुझा इतका अभिमान वाटतो की छाती दुखते. दोन्ही एकाच वेळी वाटतं. कसं ते विचारू नको.

काल पॅकहाऊसात गटाची बैठक झाली. फॉरवर्डर ठरवायचा होता. मी तिघांबद्दल सांगितलं. दत्तूशेठच्या बाजूने बरेच होते. कोणीतरी म्हणालं, “मागच्या टायमाला पोरानं शहरातला हुशार माणूस आनला आन् काय झालं? आता आपला मानूसच बरा.”

आबा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले. मला वाटलं, बाहेर चालले. ते मध्ये येऊन उभे राहिले.

“मागच्या टायमाचा माल पोरानं नाय अडकवला,” म्हणाले. “म्या अडकवला. म्या आत ओटी ठेवली, तांदळाला किडं व्हते. त्याला समदं ठावं व्हतं. त्यानं आपल्या अंगावर घेतलं आन् म्या त्याला हाकलला, तुमच्याम्होरं. म्हनून तुमच्याम्होरंच सांगतो.”

पेट्यांच्या थप्पीच्या मागे पॅकिंगच्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या सुमनबाई म्हणाल्या, “आबा, ताट म्याच भरून दिलं व्हतं की. मग निम्मी चूक माझी धरा.” म्हाताऱ्या धोंडीबांनी टोपी मागेपुढे केली. म्हणाले, “आन् नारळ माझ्या घरचा व्हता.” मग एकेकजण आपापला वाटा सांगायला लागला. कुणी फुलं आणली होती, कुणी उदबत्ती लावली होती. सगळा गट गुन्ह्यात सामील झाला रे. मी रडत होते आणि हसू आवरत नव्हतं.

काम साक्षीला दिलं. तिचा दर दत्तूशेठपेक्षा जास्त आहे, तरी हात वर करताना कुणी मागेपुढे पाहिलं नाही. आबांनी सगळ्यात आधी केला. दत्तूशेठना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, “असूंदे, कांदा असला तर सांगा.” माणूस वाईट नाही.

आबा तुला फोन करतील असं मला वाटलं होतं. करत नाहीत. मोबाइल हातात घेतात, चष्मा लावतात, आणि ठेवून देतात.

ताई


पॅकहाऊस
२६ फेब्रुवारी, दुपार

प्रफुल्ल,

हे पत्र पोस्टाने येत नाही, फोनवर तुला करळ फाट्याला थांबायला सांगितलं त्या गाडीतून येतंय. ते घेऊन येणारा ड्रायव्हर बाहेर जेवतो आहे, तोवर लिहिते.

माल भरला. साक्षी सकाळपासून इथे आहे. कानटोपी घालून प्रत्येक थरातल्या पेटीत तिने काडीसारखं थर्मामीटर खुपसून पाहिलं. दोन थर हवे तितके गार नव्हते, तर तिने सगळ्यांना थांबवलं आणि ते परत कोल्ड स्टोरेजमध्ये पाठवले. बायका कुरकुरल्या. आबा म्हणाले, “थांबा म्हनती तर थांबायचं.”

मग पूजा. आबांनी कंटेनरच्या दाराला हळदकुंकू लावलं, सुमनबाईंनी ओवाळलं, नारळ बाहेर चाकापुढे फोडला. साक्षीने प्रसाद हातावर घेतला. आबा ओटीचं ताट घेऊन सवयीने दारापर्यंत गेले. एक पाय फळीवर ठेवलासुद्धा. त्यांनी आत पाहिलं, त्या गार धुरात पांढऱ्या पेट्या रचलेल्या होत्या. मग पाय खाली घेतला आणि साक्षीला म्हणाले, “लाव बाई दार.”

सील लागलं. मला वाटलं, झालं.

पण ताटातली ओटी तशीच होती. दुसरा नारळ, आणि तांदूळ. हे तांदूळ त्यांनी काल दिवसभर ओट्यावर बसून निवडले होते, चष्मा लावून, दाणा न् दाणा. मी मदतीला गेले तर हाकललं. आईच्या पेटीतला हिरवा खण काढला होता, त्यात नारळ-तांदूळ बांधले, गाठ मारली आणि ड्रायव्हरकडे गेले.

“हे केबिनात ठेव. मागं नाय, केबिनात. बंदराअलीकडं करळ फाट्याला माझा पोरगा उभा असंल, त्याच्या हातात दे.”

ड्रायव्हर म्हणाला, “आबा, तिथं शंभर मानसं असत्यात. वळखू कसा?”

“गाड्या मोजीत उभा असंल,” आबा म्हणाले. “ल्हानपनी बी तसाच उभा रहायचा, म्या मार्केटातून यायचो तवा.”

मी त्यांना म्हटलं, पत्र चाललंय, तुम्हीही दोन ओळी लिहा. नको नको म्हणाले. मग पेन मागितलं. खाली त्यांचंच अक्षर आहे, मी हात लावलेला नाही. गाडीचा नंबर मागे लिहिला आहे. साक्षीचा माणूस बंदरात वीज बघणार आहे, पण तूही एकदा बघ, मला बरं वाटेल.

आणि हे घे, पहिल्या पत्रापासून राहिलेला आशीर्वाद. सगळा घे.

ताई


चि. परफुल,

शुगर बरी हाय. नारळ तूच फोड, ड्रायवरला खोबरं दे. तांदूळ निवडून घेतले हायेत, भात कर. खन तुझ्या आईचा हाय. तो परत पायजे. पोस्टानं पाठवू नको, गाडीवाल्याकडं बी देऊ नको. आनून दे.

आबा